मस्कतचा फोन

रवि. ११ जाने. १९९८
सकाळी बुद्धविहार, अकराला फोन. दर रविवारसारखंच.

फोन खाली शिंदे वहिनींकडं, आमचा पी.पी. नंबर. ठरल्या वेळेला वाजला. वहिनी जिन्यातनं ओरडल्या, "पल्लवीऽऽ, मस्कत!" पोरगी चपला न घालताच पळाली. मी मागनं.

पलीकडं सुभाष भाऊजी. माझे दीर. मुरगूडच्या स्टँडजवळच्या बूथमध्ये, रिसीव्हरवर रुमाल धरून. ह्यांचा आणि त्यांचा आवाज एकाच साच्यातला, आत्याबाई, म्हणजे सासूबाई, त्यासुद्धा फसायच्या. फक्त भाऊजींना 'आहे-नाही' जड जातं. हे आयटीआयला शिकवायचे, शुद्ध बोलायचे.

आज प.नं विचारलं, "पप्पा, तिकडं किती वाजले?" आधी नुसता खोकला. मग, "अकरा. म्हणजे... इथलं घड्याळ बंद आहे." मस्कतला तेव्हा साडेनऊ. वहिनींनी तोंडाला पदर लावला.

हे जाऊन आज दहा महिने आठ दिवस झाले. प.ला अजून सांगितलेलं नाही.

बुध. १४ जाने.
हे सुरू कसं झालं ते एकदा लिहून ठेवते. नाहीतर मलाच मस्कत खरं वाटायला लागेल.

मागच्या मार्चमध्ये प.ला टायफॉईड. हे दोन दिवसांसाठी मुरगूडला, आईकडं गेलेले. तिसऱ्या दिवशी मळ्यातल्या विहिरीत सापडले. इकडं पोर तापानं फणफणलेली. डॉक्टर म्हणाले, हिला आत्ता धक्का नको. सगळं तिकडच्या तिकडं उरकलं. मी सकाळी गेले, संध्याकाळी परत तिच्या उशाशी.

त्यात ह्यांचा पासपोर्ट नुकताच आलेला. मस्कतच्या एका कंपनीशी बोलणं चाललेलं, प.ला ठाऊक होतं. ताप उतरल्यावर तिनंच विचारलं, "पप्पा गेले मस्कतला?" मी हो म्हणाले. तेवढंच. एक हो.

मग टायफॉईड पुरता जाऊ दे म्हटलं. मग अंगात ताकद येऊ दे. मग वार्षिक होऊ दे, मग सहामाही. आता चौथीची स्कॉलरशिप होऊ दे. आमच्यात मरणसुद्धा परीक्षेचं टाइमटेबल बघून सांगायचं.

मंगळसूत्र घालते, टिकली लावते. मुरगूडला जाताना कागल मागं पडलं की एस.टी.तच टिकली काढून पर्समधल्या आरशाला चिकटवते. येताना परत कपाळाला. एकदा शेजारची बाई बघत होती टकामका. बघू दे.

शुक्र. १६ जाने.
प.ची निबंधाची वही. विषय 'माझे वडील'. दहापैकी सात.

"माझे वडील परदेशात असतात. ते दिवाळीला येणार होते. आले नाहीत. ते फोनवर लवकर ठेवतात. माझ्या मैत्रिणीचे वडील रिक्षा चालवतात पण रोज घरी येतात. मला रिक्षावाले वडील आवडले असते."

खाली बाईंची लाल सही. बाईंना सगळं ठाऊक, जूनमध्ये मीच सांगितलेलं. सात मार्क देताना हात कसा चालला असेल बाईंचा.

हे असते तर त्यांना हा निबंध किती लागला असता. आणि ते नाहीत म्हणून तर तो असा लिहिला गेलाय. पोरगी बापावर दात धरायला लागलीय. ह्या माणसानं तिचे सॉक्ससुद्धा स्वतः धुतले. मी कधी धुतले नाहीत. आणि तिच्या मनात काय, तर पप्पा आपल्याला विसरले. हे माझ्या एका 'हो'नं केलं.

रवि. १ फेब्रु.
विहार. पंचशील म्हणताना चौथ्याला माझा आवाजच निघेना. हात जोडून म्हणायचं की खोटं बोलणार नाही, आणि तिथनं उठून फोनजवळ जाऊन बसायचं. प. खणखणीत म्हणते. म्हणताना माझ्याकडं बघते, का मलाच तसं वाटतं, देव जाणे. देवही नाही आमच्यात, जाणायला.

अकराला फोन. भाऊजी बोलून गेले, "मे महिन्यात येतो. सायकल आणतो." प. जिन्यात तीन पायऱ्या एकदम चढली. चार महिन्यांनी एवढी खूष. मला तर भाऊजींचा गळा धरावासा वाटला.

शनि. ७ फेब्रु. मुरगूड
पुढच्या महिन्यात वर्ष होतंय, त्या पुण्यानुमोदनाचं ठरवायला आले. प. वहिनींकडं.

आल्या आल्या भाऊजींवर घसरले. "सायकल कबूल करायला कुणी सांगितलंवतं?"
"मग काय म्हणू वैनी? ती म्हणाली, तुमी येणारच न्हाईसा न्हवं. तोंडातनं गेलं."
"आणि मे महिन्यात काय आणून उभं करणार आहात? कुणाला?"
खाली मान. मला वाईट वाटलं. त्यांचा काय दोष, मीच बूथवर धाडलं त्यांना पहिल्यांदा.

मग म्हणाले, "एक सांगू? मला बी निभंना आता. पोरगी पप्पा म्हणत्या आन मी हां म्हणतोय. मेलेल्या भावाच्या ताटात जेवल्यागत वाटतंय, वैनी."

प.ला कार्यक्रमाला आणायचं का, ह्यावर आत्याबाई: "लेकराच्या डोक्यावर कशाला वझं? कळंल की आपोआप."
मी म्हटलं, "आपोआप कसं कळंल? सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलंय."
"सासरला गेली की कळंल."
मला हसूच फुटलं. मग थांबेना. मग रडणं थांबेना. आत्याबाई पाठीवरनं हात फिरवत राहिल्या. त्यांचा तर पोटचा पोरगा. त्यांनी कुणाकडं बघून रडायचं?

अजून एक आहे, त्यावर कुणी बोलत नाही. 'पाय घसरला' असं गावात सगळे म्हणतात, कागदावरही तेच. पण चष्मा रुमालात गुंडाळून, वर घड्याळ ठेवून, काठापासनं चार हात लांब दगडावर ठेवलेला होता. घसरणारा माणूस असं करत नाही. मला ठाऊक. भाऊजींना ठाऊक. आत्याबाईंनाही असणार, तो रुमाल त्यांनीच धुतला.

आधीचे तीन महिने झोपत नव्हते. ताटावर बसून नुसते बघायचे. "डोक्यात भुंगा शिरलाय," म्हणायचे. मी काय म्हटलं? मनाला लावून घेऊ नका. नंतर नंतर तर मीच ओरडायला लागले, गप बसून काय होणार आहे. एकदा, एकदासुद्धा डॉक्टरकडं नेलं नाही. टायपिंगच्या दोन परीक्षा पास झालेली शहाणी बाई मी.

रवि. १५ फेब्रु.
फोन वाजला तर प. उठेना. "मला नाही बोलायचं." वहिनींनी तीनदा हाक मारली. मीच ढकललं, "जा की, पप्पा वाट बघत असतील." मीच.

खाली गेली. रिसीव्हर घेतला. आणि मोठ्यानं, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं:
"मे मध्ये येऊ नका. सायकल नको. मेलात तरी चालतंय मला."
ठेवला. वर निघून गेली.
वहिनींकडं टीव्ही चालू होता, त्यांनी तो बंद केला.

संध्याकाळी भाऊजी एस.टी.नं आले. डोळे सुजलेले. दारातच, हळू: "बास वैनी. आता म्या फोन करनार न्हाय. तुमी सांगा न्हायतर मी सांगतो." तेवढ्यात प. "काकाऽऽ" करत येऊन बिलगली. भाऊजी तिच्याशी भलताच जाड आवाज काढून बोलायला लागले. ओळखेल म्हणून. पोरीसमोर स्वतःचा आवाजसुद्धा चोरायची वेळ आणली मी त्यांच्यावर.

मंगळ. १७ फेब्रु.
ऑफिसात डिक्टेशन नव्हतं. कोरा कागद चढवला आणि वाक्यं टाइप करून बघितली.

पप्पा देवाघरी गेले. (आमच्यात देवाचं घर कुठनं आणू?)
पप्पा तारा झाले. (स्कॉलरशिपला बसणारी पोर. तारा म्हणजे काय ते ती मला शिकवेल.)
पप्पा आता आपल्यात नाहीत. (ते ती वर्षभर बघतेच आहे.)
पप्पा वारले. (साहेबांच्या शोकसभेचं पत्र वाटतंय.)

फाडून टाकला. तुकडे दोन वेगवेगळ्या टोपल्यांत.

शिंदे वहिनी म्हणाल्या, "उपाशी पोटी सांगू नको. जेवण झालं की सांग. आणि तू रडलीस तर रड, चोरू नको. माझा बाप गेला तेव्हा आई आत जाऊन रडायची. मला वाटायचं, माझ्यावर चिडलीय." पंधरा वर्षं त्यांच्या माडीवर राहतो, हे कधी बोलल्या नव्हत्या.

गुरु. १९ फेब्रु.
आज जेवण झालं. तिच्यासमोर बसले. तोंड उघडलं. सतराचा पाढा विचारला.
न चुकता म्हणाली.

रवि. २२ फेब्रु.
स्कॉलरशिप काल झाली. आज विहाराला गेलो नाही. पोहे केले, दोन बशा खाल्ल्या तिनं.

अकरा वाजले. फोन नाही. ती पुस्तक धरून बसलेली, पान उलटत नव्हती, कान जिन्याकडं. सव्वाअकराला म्हणाली, "राग आला वाटतं त्यांना."

मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि म्हटलं, "पल्लू, पप्पा मेले." असंच. ठरवलेलं एक वाक्य आलं नाही. हे मी बोलले ह्यावर माझाच विश्वास बसेना.

"बरं," म्हणाली. पुस्तक मिटलं. खाली गेली आणि वहिनींच्या नातीबरोबर लंगडी खेळायला लागली. मी गॅलरीतनं बघत होते. मला वाटलं, झालं? एवढ्यासाठी मी वर्ष घालवलं?

चारला वर आली. पाणी प्याली. मोरीत बराच वेळ हात धूत राहिली. पाठमोरीच म्हणाली, "सोमवारी का मंगळवारी?"
"काय?"
"पप्पा. मी फोनवर म्हटलं त्याच्यानंतर किती दिवसांनी?"

मोरीच्या कठड्यावरच बसले, ओल्यात. आठवडाभर मी वाक्यं शोधत होते, आणि आठवड्यापूर्वी तिनं काय म्हटलंय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मूर्ख. मूर्ख बाई.

तिला धरून सांगितलं, बाळा, तुझ्या म्हणण्यानं नाही. ते आधीच गेलेत. मागच्या मार्चला, तुला टायफॉईड झालेला तेव्हा. शपथ घेऊन सांगितलं, मंगळसूत्राला हात लावून.

ती बोटांवर मोजायला लागली. मार्च, एप्रिल, मे. दिवाळीपर्यंत आली आणि थांबली.
"मग फोनवर कोण होतं?"

सोम. २३ फेब्रु.
ती शाळेला नाही, मी रजेवर. काल फोनचं सांगितलं. रात्री जेवली नाही, आज दुपारी भाकरीचा कोर दुधात बुडवून थोडा.

मग एकेक विचारायला लागली. उलटतपासणी घेतल्यागत.
"सहामाहीला पहिला नंबर आला, शाब्बास म्हणाले, ते?"
"काका."
"वाढदिवसाला गाणं म्हटलेलं?"
"काका."
"आईला त्रास देऊ नको, तू शहाणी आहेस. ते?"
"तेही काकाच."
प्रत्येकाला मान हलवत होती. एकेक काढून बाजूला ठेवत होती. मला वाटलं होतं, मी तिला फक्त मेलेला बाप देतेय. तिच्याकडचा होता तो पण काढून घेतला.

शेवटी: "मग पप्पांनी मला शेवटचं काय म्हटलं? खऱ्या पप्पांनी?"

आठवलं लगेच. पिशवी खांद्याला होती. तिच्या उशाशी वाकून म्हणाले, "गोळी चावू नको, गिळ." एवढंच. आणि गेले. जिभेवर आलेलं माझ्या, की माझी गुणाची पोर म्हणाले, पापा घेतला. कोण बघायला होतं? एवढं खोटं बोलले, अजून एकानं काय बिघडणार होतं?

"गोळी चावू नको, गिळ," मी म्हटलं.
"एवढंच?"
"एवढंच."
तेव्हा रडली. आईगं, कशी रडली. मीही चोरलं नाही. वहिनी वर येऊन दारातनंच परत गेल्या.

शुक्र. २७ फेब्रु.
भाऊजी आले. येताना गूळ आणि हरभऱ्याचे डहाळे. प. भिंतीकडं तोंड करून बसली.
"पल्लू, चुकलं बाळा माझं. लई चुकलं."
"तुम्ही बोलू नका काका. कुणाचा आवाज हाय, कळत नाही मला."
भाऊजी डहाळे तिथंच ठेवून जिना उतरले. मी हाक मारली, मागं बघितलं नाही. हा माणूस फुकटचा मेला ह्यात. मीच त्याला मारलं.

मला विचारते, "अजून काय खोटं आहे?" दिवसातनं दोनतीनदा. दूध तापवताना, वेणी घालताना. "अजून काय?" मी म्हणते, काही नाही. म्हणताना तिच्याकडं बघत नाही.

मंगळ. ३ मार्च. मुरगूड
तिला घेऊन आले. एस.टी.त टिकली काढायला हात गेला, तर ती बघत होती. तिच्यासमोरच काढली. "मला दे," म्हणाली. स्वतःच्या वहीच्या पुठ्ठ्याला लावली.

कार्यक्रम नीट झाला. ह्यांचा फोटो, मेणबत्त्या, वंदना. प. पुढं बसली, सगळं म्हटली. जेवायला पन्नाससाठ माणूस. पावणं-रावळं तिच्या डोक्यावरनं हात फिरवत होते, आणि जो तो तेच: "पाय घसरायचं निमित्त बघा." "नशीब म्हणायचं, दुसरं काय." "पाय घसरला आन सोन्यासारखा माणूस गेला." तिनं ऐकलं. ऐकतच होती. आत्याबाईंनी वाढता वाढता माझ्याकडं बघितलं, बास आता, एवढंच राहू दे, असं. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. लोकांनीच सांगून टाकलं. माझं काम हलकं झालं.

दुपारी प. दिसेना. भाऊजी आणि मी मळ्याकडं पळालो. विहिरीपासनं लांब, बांधावर बसलेली, गुडघ्याला मिठी मारून. भाऊजी तिच्या आणि विहिरीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

मला म्हणाली, "आई, पप्पांना पवायला येत होतं."
मी तिच्याशेजारी टेकले.
"मला इथंच शिकवलं त्यांनी. पाठीला डबा बांधून. पाय घसरला तर काय करायचं तेच पहिल्यांदा शिकवलेलं. अंग ढिलं सोडायचं, आपोआप वर येतंय." मग दहा दिवसांत पहिल्यांदा काकाकडं तोंड करून, "येत होतं की नाही काका?"
भाऊजी म्हणाले, "येत हुतं."
"मग?"

भाऊजी माझ्याकडं बघायला लागले. उसातनं वारं येत होतं. मी म्हटलं, "सांगते. पण आज नाही."

बुध. ४ मार्च
काल एवढं लिहून पेन ठेवलं. राहिलेलं आज.

"आज नाही म्हणजे कधी?" म्हणाली. "वार्षिक झाल्यावर?"
मी म्हटलं, नाही. वार्षिकच्या आधी.
ती उठली, मागची माती झाडली. माझ्याएवढ्या बाईसारखी म्हणाली, "खोटं सांगायचं असलं तर आत्ताच सांग. खरं असलं तर थांबते मी."

भाऊजी तिकडं तोंड करून उभे होते, खांदे हलत होते त्यांचे. मी म्हटलं, "थांब."

शनिवार सांगितलाय. घरी आल्या आल्या तिनं कॅलेंडरवर सातला पेन्सिलनं गोल केला. त्यानंतर 'अजून काय' विचारलेलं नाही. आज शाळेला गेली, डबा सगळा खाऊन आली.

नऊ वर्षांच्या पोरीला सांगायचं, की तुझा बाप घसरला नाही. आणि त्याच दमात सांगायचं, की तो तुला सोडून गेला नाही. दोन्ही खरं आहे. एका तोंडानं कसं सांगायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. वहिनींनाही येत नाही. विचारलं मी.

उद्याचा गुरुवार, परवाचा शुक्रवार आहे हातात. पहिलं वाक्य अजून सापडत नाही.